बारा फोटोंचा रोल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा आमच्या गल्लीत भंगारवाल्याच्या गाडीवर रद्दीखाली एक चामड्याची केस दिसली, उघडून बघतो तर आत अ‍ॅग्फा क्लिक थ्री! अगदी माझा पहिला कॅमेरा जसा होता तसाच, म्हणून राहवलं नाही आणि हे पत्र लिहायला बसलो.

ज्यांनी वापरलाय त्यांना सांगायला नको. बडोद्यात बनायचा हा कॅमेरा. १२० मापाच्या फिल्मचा रोल, त्यावर चौकोनी १२ फोटो, बास. सेल नाही, काही नाही. भिंगापाशी ऊन आणि ढग अशा खुणा, आपल्याकडं पावसाळ्यात ढगावरनं हलवायची वेळच येत नाही. मागं लाल काचेची बारीक खिडकी असते, गुंडी फिरवली की त्यातनं फिल्ममागच्या कागदावरचा आकडा हळूहळू सरकत येतो, तो मधोमध आला की थांबायचं. मला आजही हे करताना लहानपणीसारखाच आनंद होतो बघा.

एकदा गोकाकला गेलेलो, घटप्रभेला तुडुंब पाणी, ५२ मीटरवरनं धबधबा कोसळतोय, झुलत्या पुलापासनं एक फोटो काढला आणि गुंडी फिरवायची राहिली. मग घरी येऊन कट्ट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या आजीचा काढला, तो फिल्मवर त्याच जागी पडला. रोल धुवून आला तर आजीच्या सुपात अख्खा धबधबा! तेव्हा खूप रडलो, दोन्ही फोटो गेले म्हणून. आज आजी नाही, आणि भिंतीवर तिचा तोच फोटो लावलाय.

अजूनही वर्षाला तीन-चार रोल काढतो. मागच्या महिन्यात राजहंसगडावर अख्ख्या सकाळी तीनच फोटो काढले, बाकीचा वेळ बुरुजावरची सावली सरकायची वाट बघत बसलो, मोबाईल असता तर तेवढ्यात शंभर निघाले असते आणि एकही परत बघितला नसता. ब्लॅक अँड व्हाईट रोल घरीच धुतो, रात्री न्हाणीघरात, बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, २० डिग्रीवर आणायचा, फिल्म घातलेला बंद टँक मिनिटा-मिनिटाला उलटासुलटा करायचा, आणि चित्र पक्कं करणारा फिक्सर झाल्यावर रोल पहिल्यांदा उजेडात धरायचा. ओली पट्टी, त्यावर काळं आकाश आणि पांढरी माणसं... त्या क्षणासाठी सगळा खटाटोप!

वाचकांना एवढंच सांगणं आहे की कपाटातला कॅमेरा किलोवर देऊ नका, निगेटिव्हची पाकिटं तर मुळीच नको, त्यात कुणाचं तरी लग्न, कुणाचं पाडलेलं जुनं घर असतं. एक रोल मागवा, घालून बघा. आणि तुम्हाला विनंती, १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्र दिन असतो, त्या दिवशी एक पान बेळगाव, खानापूर, निपाणीच्या लोकांनी रोलवर काढलेल्या फोटोंना द्या. आजीचा फोटो मी पाठवतो.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव