स्क्रीन प्रिंटिंग शिकवणाऱ्या सरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

परळच्या कार्यशाळेत आपण आम्हांला स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापण्याची कला, शिकवलीत, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. लग्नपत्रिका आणि बॅनर छापण्यात उभे आयुष्य घालवून आपण जे कमावलेत, ते काहीही हातचे न राखता आमच्यापुढे ठेवलेत.

प्रत्येक कृतीमागचे कारण आपण सांगत गेलात, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. प्रकाश पडला की जाळीवर लेपासारखे लावलेले इमल्शन कडक होते आणि पॉझिटिव्हच्या, म्हणजे नक्षी काळ्या रंगात असलेल्या पारदर्शक फिल्मच्या, काळ्या भागाने झाकलेले तेवढे पाण्याने धुऊन जाते, हे एकदा समजल्यावर पुढच्या पायऱ्या आपोआप उलगडल्या. कापडासाठी सेंटिमीटरला ४३ धाग्यांची जाळी आणि कागदावरच्या बारीक रेषांसाठी १२० धाग्यांची, हा फरक आपण दोन्ही जाळ्या उजेडासमोर धरून दाखवलात. पूर्वी ही जाळी रेशमाची असे आणि मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ मध्ये या छपाईचे पेटंट घेतले, हेही आम्हांला फ्रेमवर जाळी ताणता ताणता कळले.

आपल्या शिकवण्यात मुंबईची हवाही होती. पावसाळ्यात इमल्शन वरून सुकल्यासारखे वाटले तरी आतून ओले राहते, म्हणून फ्रेम पंख्याखाली आडवी ठेवून तिला पुरेसा वेळ द्यायचा. छपाई सुरू झाली की मात्र तोच पंखा बंद करायचा, कारण पाण्यात मिसळणारी शाई वाऱ्याने जाळीच्या छिद्रांतच सुकते. फ्रेमच्या कोपऱ्यांखाली आपण चिकटवलेली नाणी तर मी विसरणार नाही. जाळी आणि कागद यांत तेवढेच अंतर राहिले, म्हणजे स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) पुढे सरकताच जाळी मागून सुटत जाते आणि अक्षराची कड स्वच्छ उमटते. इतकी साधी, बिनखर्चाची युक्ती आपण स्वतः खाली वाकून प्रत्येकाच्या टेबलावर बसवून दिलीत, याचे मला फार अप्रूप वाटते.

यंदा आमच्या लालबागच्या मंडळासाठी प्रसादाच्या कापडी पिशव्या आम्ही कार्यशाळेतले मित्र मिळून छापत आहोत. त्यासाठी आपण विश्वासाने दिलेल्या दोन्ही फ्रेम विसर्जनानंतर जाळी स्वच्छ करून परत आणून देईन. छापलेली एक पिशवीही सोबत आणीन. रंग कुठे कमी-जास्त बसला असेल, तर तो जरूर दाखवावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ विद्यार्थी