पाच तारखेची तिकिटं काढली आहेत

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही म्हणून लिहितेय. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेची हुतात्मा एक्सप्रेसची तिकिटं काढली आहेत. तीन महिने दोघांनीही माझ्याकडे पुण्याला यायचं. बाबांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाई घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर आहेत, आठवड्यातून चार दिवस जायचं. तुम्हाला विचारलं नाही, रागवा. पण मेंदूच्या झटक्यानंतर पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगानं होते. घरातल्या सगळ्यांचं एकमत व्हायची वाट बघत बसले असते तर तेच महिने हातचे गेले असते.

बाबा, एक गोष्ट मनात सलतेय. डॉक्टरांच्या खोलीत तुम्ही शेजारी बसलेले असताना मी विचारलं, "यांना कळतंय का?" तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला सगळं कळत होतं. चुकलं माझं.

आई, तू रडत विचारलंस, "ह्यांचं डोकं गेलं का गं?" नाही गं. मेंदू जेमतेम १.४ किलोचा, शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण वीस टक्के प्राणवायू एकटा घेतो. त्यामुळे रक्त अडलं की काही मिनिटांतच तिथल्या पेशी मरायला लागतात. बाबांची गुठळी डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात अडकली. डावी बाजू उजव्या अंगाला चालवते, म्हणून उजवा हात जड झाला. आणि शब्द जुळवून तोंडावाटे बाहेर काढायची जागाही तिथेच, शेजारी. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी ती दाखवून दिली. त्यांच्या एका रुग्णाला 'तँ' एवढंच म्हणता यायचं, पण लोकांचं बोलणं समजायचं. तो गेल्यावर मेंदू तपासला, तर इजा नेमकी त्या जागी.

दुसऱ्याचं बोलणं समजून घ्यायची जागा वेगळी, कानाच्या वरच्या-मागच्या बाजूला. आठवणी साठवायला मदत करणारा भाग कानशिलांच्या आत खोलवर, दोन्हीकडे. तोल सांभाळणारा लहान मेंदू मागे, मानेच्या वर. श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणारा देठासारखा भाग त्याच्या पुढे, खाली मणक्याकडे उतरणारा. यातल्या कशालाही धक्का नाही, मी रिपोर्ट दोनदा समजावून घेतला.

बाबा, चाळीस वर्षं माग दुरुस्त केलेत, तुम्हाला मी काय सांगू! धाग्याचा धोटा अडकला म्हणून चादरीच्या डिझाइनची भोकं पाडलेली कार्डं कोरी होत नाहीत.

आणि त्या दिवशी संध्याकाळी गणपतीची आरती तुम्ही शेवटपर्यंत म्हटलीत! पाणी मागताना अडणारा माणूस एकही ओळ चुकला नाही. चालीवर म्हणताना मेंदूची उजवी बाजूही हात लावते म्हणे, बाई त्याचाच उपयोग करून घेणार आहेत. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत मला खांद्यावर घेऊन तुम्ही सातही नंदीध्वज मोजायला लावायचात. मी चार म्हणून थांबले की पाचवा सांगायचा नाहीत, मी सांगेपर्यंत उभे राहायचात. आता मी तशीच थांबेन.

पुण्यात गैरसोय होणार नाही. खोली तळमजल्यावर, पूर्वेची खिडकी. बाबांच्या पलंगाजवळ बेल लावली आहे, संडासात धरायला दांडी बसवून घेतली आहे. ज्वारी बार्शीचीच आणलीय. आई, तवा तुझाच आण, माझ्या तव्यावर तुझी भाकरी फुगत नाही.

आता ऐक. रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, "आज बरं वाटतंय" म्हणूनसुद्धा नाही. बीपी रोज सकाळी वहीत लिही. शेंगाचटणी बिनमिठाची कर, लोणचं-पापड बंद. बाबा बोलताना अडले तर शब्द तू पुरवू नकोस, दहा आकडे मोज. शेजारचे मोठ्यानं बोलतात त्यांना सांग, बाबांना ऐकू येतं. आणि देव न करो, पण पुन्हा तोंड वाकडं झालं, हात गळाला किंवा जीभ जड झाली तर मला फोन नंतर, आधी १०८. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. गेल्या वेळी आपण सकाळ व्हायची वाट बघितली. तुझा दोष नाही आई, मलाही माहीत नव्हतं.

बाबा, हे पत्र आई वाचून दाखवेल. यायचं नसेल तर मान हलवा. मग मी स्वतः सोलापूरला येऊन तुमच्यासमोर बसेन आणि परत विचारेन. तिकिटं मात्र अजून रद्द करत नाही.

तुमची,
मनी

ता. क. बाबांच्या चष्म्याची दुसरी जोडी कपाटात वरच्या खणात आहे, ती बॅगेत टाक.