ओगिअनबद्दल तुझ्याशी बोलायचंय

परळ, मुंबई

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तू पुण्याला जाताना फळीवरची पुस्तकं दाखवून म्हणाली होतीस ना, की फँटसी वाचायची तर 'अर्थसी'पासून सुरू कर? केली सुरुवात. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' झालं, त्याच्या पुढचं 'द टूम्ब्स ऑफ अ‍ॅट्युअन'ही झालं. फोनवर तू घाईत असतेस, आणि मला सावकाश सांगायचंय, म्हणून पत्र.

आमच्या लहानपणी जादू म्हणजे 'चांदोबा'तला वेताळ. विक्रम राजा पहिल्या ओळीपासूनच शूर आणि शहाणा. तो तसा कधी आणि कसा झाला, हे कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. 'अर्थसी'ची लेखिका अर्सुला ले ग्विन, तिला मात्र हाच प्रश्न पडला. मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा, असं एका प्रकाशकाने तिला सुचवलं, तेव्हा तिच्या मनात आलं की गोष्टींतले जादूगार सगळे पांढऱ्या दाढीचे. मग दाढी पांढरी व्हायच्या आधी ते कोण होते, शिकले कुठे? त्यातून 1968 साली गेड जन्माला आला. तांबूस-सावळा, कासाराचा पोर, आई तान्हेपणीच गेलेली, अंगात रग आणि हुशारी दोन्ही भरपूर. विक्रम राजापुढे मी हात जोडले असते. गेडला मात्र समोर बसवून आधी जेवू घालावंसं वाटलं.

पण मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते त्याच्या गुरूने, ओगिअनने. तुला कदाचित तो कंटाळवाणा वाटला असेल. डोंगरावरचा भूकंप शांत केलेला हा माणूस गेडला शिष्य म्हणून घेऊन निघतो आणि वाटेत काहीच शिकवत नाही. गेड विचारतो, शिकवणी कधी सुरू होणार? ओगिअन म्हणतो, झालीच आहे. मग एका रानटी झाडाकडे बोट दाखवतो. गेड त्याचा उपयोग विचारतो, तर म्हणतो, मला तरी काही माहीत नाही. पुढे पाऊस लागतो. दुसरा कोणी असता तर मंत्र म्हणून ढग पलीकडे ढकलले असते. ओगिअन एका दाट झाडाखाली निवांत आडवा होतो आणि पाऊस पडू देतो. गेड चिंब भिजून धुसफुसत राहतो, की वापरायचीच नसेल तर ती विद्या काय कामाची! हे मी वाचत होते तेव्हा बाहेर आपला जुलैचा पाऊस कोसळत होता, हिंदमाताला नेहमीसारखं पाणी भरलं होतं, आणि मला दोघांचंही पटत होतं. ढग ढकलले तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर जाणार, हे ओगिअनला कळतं. तेरा वर्षांच्या मुलाला ते आत्ताच कसं कळावं?

आणि मग तो त्याला जाऊ देतो, सोनू. त्या पानावर मी बराच वेळ थांबले. गेड न सांगता एक मंत्र वाचतो, दाराशी काळं काहीतरी येऊन उभं राहतं, ओगिअन ते घालवतो. त्यानंतर तो रागावत नाही, 'माझ्यापाशीच राहा' असं गळ्यातही पडत नाही. हवं तर राहा, हवं तर रोक बेटावरच्या शाळेत जा, निवड तुझी. मुलगा जायचं ठरवतो. ओगिअन त्याच्याजवळ तिथल्या मुख्य जादूगारासाठी चिठ्ठी देतो. हा एके दिवशी त्यांच्या गॉन्ट बेटाच्या सगळ्या जादूगारांत मोठा होईल, असं तिच्यात लिहिलेलं असतं, आणि ती नेणाऱ्या पोराला त्याची कल्पनाही नसते. तुला हॉस्टेलवर सोडून परतताना बाबा गाडीत एक शब्द बोलले नव्हते. ते आता कोणाकोणाला तुझं कौतुक सांगत असतात, ते तुला कळवायला मी आहेच.

पुढे गेड रोकवर गर्वापायी मंत्र म्हणतो, जगाला भेग पडते आणि तिच्यातून तीच काळी सावली मोकळी सुटते. ती भेग बुजवताना मुख्य जादूगाराचा जीव जातो आणि गेडच्या चेहऱ्यावर जन्माचे व्रण राहतात. तो पळत सुटतो, ससाण्याचं रूप घेऊन शेवटी ओगिअनच्याच दारी येतो. ओगिअन त्याला ओळखतो, माणसात आणतो, आणि सल्ला एवढाच देतो की आता पळू नकोस, वळ आणि त्या सावलीच्या मागे तू लाग. सोबत मात्र जात नाही. सोबत जातो तो मित्र, व्हेच. किशोरांसाठी लिहिताना मोठ्यांनी नेमकं कुठपर्यंत यायचं आणि कुठे थांबायचं, हे या बाईला फार अचूक कळलं होतं.

दुसरं पुस्तक मला जड गेलं. पहिल्याच पानावर आई संध्याकाळी हाक मारतेय, टेनार, घरी ये, आणि बाप म्हणतोय, जी पोर पुढच्या महिन्यात न्यायला येणार आहेत तिच्यात जीव कशाला अडकवतेस? त्या आईचं पुढे काय झालं? पूर्ण पुस्तकभर मी तिला शोधत होते. टेनार भुयारांच्या काळोखात वाढते, सगळ्यांना वाटतं देवीसारखी, आणि खरं तर कैदेत. तिच्यावर आपण दोघींनी नीट बसून बोलायचं आहे, इथे दोन ओळींत उरकायचं नाही.

फिलिप पुलमनचं 'नॉर्दर्न लाइट्स' नुकतंच हातात घेतलंय. माणसाचा जीव प्राण्याच्या रूपात शेजारी वावरतो, मुलांचा रूपं बदलत राहतो आणि वयात आल्यावर एकाच रूपात स्थिरावतो, ही कल्पना विलक्षण आहे. तुझा कोणता, ते तू सांग. मी अंदाज करणार नाही.

अर्थसी म्हणजे बेटांचंच जग, त्याचा नकाशा पाहताना मात्र मन आपल्या मुंबईकडे गेलं. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम, आपणही बेटांवरचीच माणसं. वरळीच्या खाडीवरचा बांध सारखा ढासळत होता, मग रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात देवी आली, मूर्ती पाण्यातून काढल्या, महालक्ष्मीचं देऊळ बांधलं आणि बांध टिकला, अशी आख्यायिका आजी सांगायची. रोकवरचे गुरू हेच बजावतात: मेणबत्ती लावली तरी सावली पडते, जगातलं काही हलवायचं तर आधी तोल बघा. समुद्र मागे सारून वसवलेल्या शहराइतकी ही गोष्ट कोणाला जवळची वाटेल? आपल्याकडे फास्टर फेणे आहे, धाडस आहे, भुतंखेतं आहेत. पण बांधावर काम करणाऱ्या मजुराची पंधरा वर्षांची मुलगी, तिला पाण्याखालचं ऐकू येतं आणि त्याची किंमत तिलाच मोजावी लागते, असं काही मराठीत मला वाचायचंय. तू वहीत लिहीत असतेस, म्हणून तुला सांगते. लिहिलंस तर पहिली मला दे.

गणपतीला येताना अर्थसीचं तिसरं, 'द फार्देस्ट शोअर' आण, ते फळीवर नाही. आणि तुझ्या मैत्रिणींना विचारून आणखी दोन-तीन नावं कळव, शक्यतो ड्रॅगन असलेली.

तुझी,
आई