आंबोलीचं महाबळेश्वर नको, आधी संडास बांधा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागे तुमच्या पेपरात एक पत्र आलेलं, आंबोलीचा विकास रखडलाय, तिचं महाबळेश्वर करायला पाहिजे वगैरे. ते डोक्यातून जाईना, म्हणून गेल्या बुधवारी रजा टाकली नि जुनी स्प्लेंडर घेऊन वेंगुर्ल्याहून एकटाच वर गेलो, म्हटलं काय रखडलंय ते बघूनच येऊ. (घरी सांगितलं सावंतवाडीत काम आहे, पावसात एकट्याने घाट म्हटल्यावर आईने चावीच लपवली असती.)

दाणोली सोडली की चढ लागतो आणि मग सेकंड गिअरच्या वर काही जात नाही, त्यात धुकं असं की हेल्मेटची काच खाली केली तर दिसत नाही नि वर केली तर डोळ्यात पाऊस. कडेच्या पांढऱ्या पट्ट्या धुवून गेल्यात, वळणावर एक रिफ्लेक्टर धड नाही, समोरून ट्रक येतो तो आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. वरच्या टपरीवर पूर्ण भिजून उतरलो तर चहावाली आजी म्हणते, "एकटोच इलंस? घरात कोण नाय काय?" काय सांगणार.

चहा पिताना मनात आलं, हा रस्ता मुळात आपल्या वेंगुर्ल्यासाठीच तर होता. बंदरात उतरलेला माल ब्रिटिश ह्याच वाटेने बेळगावच्या छावणीकडे न्यायचे, आंबोली म्हणजे मधला मुक्काम. मग सावंतवाडीचा पोलिटिकल एजंट, म्हणजे संस्थानावरचा ब्रिटिशांचा प्रतिनिधी, कर्नल वेस्ट्रॉप, त्याने तिला थंड हवेचं ठिकाण म्हणून वाढवलं. पुढे रेल्वे झाली, माल तिकडे वळला, आपलं बंदर मंदावलं आणि आंबोलीही मागे पडली. महाबळेश्वर होतं मुंबई इलाख्याची उन्हाळी राजधानी, तिथे गव्हर्नर राहायला यायचा, आंबोलीत गाडीवाले बैल सोडून वस्तीला थांबायचे. बरोबरी लावायचीच कशाला? आणि हे सगळं सांगणारा एक फलक मला वाटेत दिसला नाही, गुटख्याच्या जाहिराती मात्र मोजून थकलो.

कावळेसादच्या कड्यावर वारा दरीतून पाणी वर फेकत होता, तोंडावर सपासप, आणि पायाखाली फुटलेल्या बाटल्यांच्या काचा. मुख्य धबधब्यावर वेफर्स खाऊन माजलेली माकडं, त्यातल्या एकाने माझी हँडलची पिशवी नेली, आत नुसता ओला रुमाल होता म्हणून वाचलो. हिरण्यकेशी नदीच्या उगमाला मात्र चिटपाखरू नव्हतं. गुहेतून पाणी येतं तिथे तासभर बसलो. २०२० मध्ये ह्याच पाण्यात माशाची नवी जात मिळाली, शिस्टुरा हिरण्यकेशी नावाची, पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. आणि गंमत म्हणजे डोंगर आपला, समुद्र आपला, पण ही नदी आपल्याकडे पाठ करून पूर्वेला जाते, घटप्रभेतून कृष्णेला मिळते नि थेट बंगालच्या उपसागरात!

तर आता तिथे मॉल रोड आणि काचेचा पूल पाहिजे म्हणणाऱ्यांना हात जोडून विनंती, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे, आधी दरडीचा विचार करा. पैसे आलेच तर धबधब्याजवळ बायकांसाठी पाणी असलेला एक स्वच्छ संडास बांधा (त्या आजीला विचारा, पर्यटक बायका रोज तिच्याच घरचं दार वाजवतात), घाटात रिफ्लेक्टर लावा, आणि त्या जुन्या रस्त्याची दोन ओळींची माहिती मराठीत कुठेतरी लिहा. बाकी गाव जसं मरगळलेलं आहे तसंच मला तरी बरं वाटलं.

परतताना दाणोलीला धुकं संपलं आणि उकडायला लागलं. रेनकोट काढून डिकीत कोंबला, घरी आईने तो बघितलाच.

आपला,
एक वाचक, वेंगुर्ला