स्पीकर हलवू नका

भुसावळ,
चैत्र

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर माझ्या पोराच्या मोबाईलवरच्या मारामारीच्या खेळाचा विषय निघाला आणि बाबा म्हणाले, "मोबाईल काढून घे त्याचा." मी काही बोलायच्या आत आईनं फोन घेतला आणि एका दमात म्हणाली, "पोऱ्या मानसे मारस नि तू दखत बसस?" मी "बरं" म्हणून फोन ठेवला. बाबांना हल्ली फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नव्हती. म्हणून लिहिते आहे. दुपारी पंखा लावून, सावकाश वाचा.

आई, मी नुसती बघत बसले नव्हते. दिवाळीच्या आधी मीही बाबांनी केलं तेच केलं होतं. रात्री साडेअकराला त्याच्या हातातून फोन हिसकावला आणि इतक्या जोरात आपटला की काच गेली. त्याच्या डोळ्यांत त्या क्षणी जे दिसलं ते मला अजून विसरता येत नाही. त्या भांडणातच आणखी एक कळलं. बीजीएमआय हा त्याचा खेळ खेळायला अठराच्या आतल्या मुलाला पालकाची परवानगी लागते आणि त्याला दिवसाला तीनच तास खेळता येतं. ह्यानं स्वतःला एकोणीस वर्षांचा करून घेतलं होतं. खेळापेक्षा हे खोटं मला जास्त लागलं. पण खोटं का बोलावं लागलं, तर घरात त्या खेळाचं नावही काढायची सोय नव्हती म्हणून. तुमच्याकडे दिवाळीत फोन कपाटात गेला, तो दोन दिवस नीट जेवला नाही, आणि आपण सगळे त्याला हट्टी म्हणून मोकळे झालो.

परत आल्यावर मी ठरवलं की आधी बघायचं. आठ रात्री त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. बाबा, तुम्हाला नीट सांगते, कारण तुम्ही यंत्र उघडल्याशिवाय त्याबद्दल मत देत नाही.

शंभर जण विमानातून छत्रीनं एका बेटावर उतरतात. हातात काही नसतं. घराघरांतून बंदुका, औषधपाणी गोळा करायचं. बेटाभोवतीचं एक वर्तुळ हळूहळू आवळत येतं, बाहेर राहील तो मरतो, म्हणून सगळे आत सरकत जातात आणि शेवटी उरेल तो जिंकतो. एक डाव साधारण अर्ध्या तासाचा. तो मध्येच थांबवता येत नाही, आणि चौघांच्या टोळीत एक उठला की उरलेले तिघे अडकतात. "जेवायला चल" म्हटलं की "पाच मिनिटं" हे उत्तर का येतं, ते मला तिथे कळलं. मी हाक मारत होते ती नेमकी डावाच्या मध्यात. आता डाव सुरू व्हायच्या आधी सांगते, "हा शेवटचा, मग ताटावर." दहातल्या आठ वेळा तो उठतो. उरलेल्या दोन वेळा दुसऱ्या दिवशीचा खेळ बंद. हे त्यालाही मान्य आहे, कारण नियम करताना तो समोर बसला होता.

मारामारी आहे, हे मी नाकारत नाही. ह्या खेळात रक्त हिरवं दाखवतात. मला त्यानं काही फरक पडत नाही. गोळी ती गोळीच. हाच खेळ पब्जी नावानं होता तेव्हा सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी घातली, २०२१ मध्ये तो नव्या नावानं आला, २०२२ च्या जुलैत पुन्हा काढला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आला. पोरं सगळा वेळ काही ना काही खेळतच होती.

पण पोरगा त्यामुळे हिंसक होईल का, ही तुमची खरी भीती. मीही तिच्यापायी वाचत सुटले. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन ही मानसशास्त्रज्ञांची मोठी संघटना. तिनं २०२० साली स्पष्ट सांगितलं की अशा खेळांचा आणि आरडाओरडा, ढकलाढकली अशा वागण्याचा थोडाफार संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचं खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. त्याआधी २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी चौदा-पंधरा वर्षांची हजारेक मुलं पाहिली, वागणं कसं आहे ते मुलांना न विचारता आई-बापांना विचारलं, आणि हिंसक खेळ व आक्रमकपणा यांचा संबंध त्यांना सापडला नाही. ह्यानं मी निर्धास्त झाले असं नाही. हजार मुलांचं माझ्या एकाला लागू पडेलच असं कुठं आहे? पण माझी भीती जागा बदलून बसली. मला आता बंदुकीपेक्षा त्याच्या झोपेची काळजी जास्त वाटते. रात्री बारापर्यंत जागा राहिला की दुसऱ्या दिवशी तो चिडतो, धाकटीवर हात उगारतो. साडेदहाला झोपला की तोच पोरगा तिची वेणी घालून देतो. म्हणून रात्री साडेनऊनंतर फोन माझ्या उशाशी असतो, आणि आमचेही दोन त्याच्याशेजारी. तिघांचे फोन एका ताटात ठेवले तेव्हा कुठे त्यानं कुरकुर थांबवली.

आणि सगळंच चालतं असंही समजू नका. त्याच्या मित्राकडे जीटीए नावाचा खेळ आहे, ज्यात रस्त्यावरच्या चालत्या माणसाला उगाच मारता येतं. युरोपात त्यावर अठराचा शिक्का आहे. त्याला मी नाही म्हटलं आणि का ते समोर बसवून सांगितलं. आठवडाभर अबोला धरला त्यानं. धरू दे.

बाबा, हे सगळं करताना मला सारखा आपला मर्फीचा रेडिओ आठवत होता.

तुम्हीच सांगितलेलं आहे. आजोबांना सिनेमाची गाणी घरात चालायची नाहीत. त्या काळी आकाशवाणीनंच ती जवळपास बंद केली होती, केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना. म्हणून लोक रेडिओ सिलोन लावत, आणि १९५७ मध्ये विविध भारती निघाली तेव्हा कुठे सरकारी रेडिओवर गाणी परतली. तुम्ही चोपड्याच्या बाजारातल्या चहाच्या हॉटेलाबाहेर उभे राहून ऐकायचात आणि घरी येऊन मार खायचात. गाणं आणि बंदूक एक नव्हे, हे मला कळतं. तरी "पोरगं बिघडेल" म्हणणाऱ्या आजोबांचा आवाज आणि परवाचा तुमचा आवाज मला सारखाच वाटला. लिहू की नको असं झालं होतं, लिहिलं.

पुढं तो मर्फी तुम्ही पगारातून घेतलात. पोस्टात दरवर्षी शिक्का मारून आणलेलं त्याचं लायसन्सचं पुस्तक आईनं अजून लग्नाच्या साडीखाली जपून ठेवलंय. मी दहा वर्षांची असताना तो घुर्रर्र करायला लागला. रविवारी तुम्ही मागचा पुठ्ठा काढलात आणि मला हाकलून न देता शेजारी पाटावर बसवलंत. आई ओरडत होती, "पोरीला शॉक बसेल." बसलाही असता. त्या सेटच्या आत अडीचशे व्होल्ट खेळत होते, आणि प्लग उलटा लागला तर आख्खी चॅसीच, आतला पत्र्याचा सांगाडाच, जिवंत व्हायची. तुम्ही आधी टेस्टर चॅसीला लावायला शिकवलंत. मग सांगितलंत की बटण बंद केलं तरी कंडेन्सर वीज धरून ठेवतो. होल्डरला दोन वायरी जोडलेला छोटा बल्ब त्याच्या टोकांना लावलात, तो क्षणभर लालसर झाला आणि विझला. "आता तो मेला. आता हात घाल. पण एकच हात. डावा पाठीमागं धर." का, तर दोन्ही हात लागले की करंट छातीतून जातो.

अजूनही इथं टेबलावर जुना अँप्लिफायर उघडला की माझा डावा हात आपोआप पाठीमागं जातो. परवा भंगारवाल्याकडून आणलेला एक वॉल्व्हचा रेडिओ सेट बघत होते. पोरगा मागून आला आणि म्हणाला, "हात असा का धरलास?" मग त्यालाही बल्ब करून दिला. गोलाणी मार्केटातून आणलेले नवे कंडेन्सर त्यानंच डाग देऊन बसवले. पहिला डाग थंड पडला, दुसरा चकचकीत आला. घरघर गेली आणि आतून जळगाव आकाशवाणी बोलायला लागली तेव्हा तो अर्धा मिनिट नुसता सेटवरच्या दिव्याच्या हिरव्या डोळ्याकडं बघत होता. स्टेशन नीट लागलं की तो डोळा मिटत येतो, हे त्याला फार आवडलं. रात्री डावही खेळलाच. एकानं दुसरं सुटतं असं मी म्हणत नाही.

आता खरी सांगायची गोष्ट.

त्या आठ रात्रींतल्या तिसऱ्या की चौथ्या रात्री त्यानं इयरफोनचं एक बोंड माझ्या कानात दिलं. "आई, ऐक. उजवीकडे, वरच्या मजल्यावर एक जण आहे. लाकडावर चालतोय." मला काहीच कळलं नाही. मग दोन्ही कानांत घातले, डोळे मिटले, आणि खरंच: उजवीकडे थोडं मागं, पोकळ लाकडावर पावलं. समोरचा दिसायच्या आधी पोरगा त्याला ऐकतो. बाबा, मला आठवलं, तुम्ही ते दोन आठ इंची स्पीकर सुताराकडून सागाच्या पेट्यांत बसवून घेतलेत, ३०५५ ट्रान्झिस्टरचा अँप स्वतः जोडलात, आणि पहिल्या रात्री मला दोन्ही पेट्यांच्या मधोमध बसवून विचारलंत, "सांग, बासरीवाला कुठं बसलाय?" मी बोट दाखवलं होतं. तेच हा करत होता, बंदूक हातात घेऊन.

दिवाळीहून परत येताना, फोन त्याला मिळाल्यावर, एसटीत त्यानं खेळ लावला नाही. आईची ती ऐंशीच्या सुमाराची स्टिरिओ एलपी रेकॉर्ड तुमच्याकडे चारही दिवस वाजत होती, त्यातलंच गाणं त्यानं फोनवर शोधलं. यावलच्या अलीकडं एक कान काढून मला म्हणाला, "आजोबांकडं सतार उजवीकडून येते. इथं डावीकडून येतेय." मी म्हटलं, तुझा इयरफोन उलटा असेल. त्यानं एल आणि आर अक्षरं मला दाखवली. "मग आजोबांना का नाही सांगितलंस?" तर म्हणाला, "ते माझ्याशी बोलत नव्हते ना."

संक्रांतीला मी एकटी आले होते. तुम्ही दुपारी झोपला होतात तेव्हा पेट्या भिंतीपासून थोड्या ओढून मागं पाहिलं. तुमच्याच हातानं पेन्सिलीनं लिहिलेलं "डा" देवघराकडच्या, म्हणजे उजव्या पेटीवर, आणि "उ" खिडकीकडच्या. मागं घराला रंग दिला तेव्हा पेट्या परत ठेवताना अदलाबदल झाली. पोराचं खरं होतं. मी तशाच ठेवल्या.

बाबा, आता न चिडता वाचा. तुम्ही म्हणता रेकॉर्डची सुई गेली, डग्गा घुमतो पण तबल्याची चाट लागत नाही. ती सुई मी भिंगाखाली पाहिली, इथं आणून माझ्या डेकवर लावून पाहिली. चांगली आहे. वय झालं की कान आधी बारीक, वरच्या पट्टीचे आवाज सोडतात. चाट जाते, सतारीची खणक जाते, बोलण्यातले स, श, फ जातात, म्हणून आई बोलते ते "पुटपुटते" असं वाटतं तुम्हाला. जळगावला कानाची तपासणी करून घेऊ. अर्ध्या तासाचं काम आहे, कानांवर हेडफोन लावतात आणि आवाज आला की बटण दाबायचं. मी सोबत येते. मशीन लागलं तर लावायचं. ज्या माणसानं मला ऐकायला शिकवलं, त्याला निम्मं ऐकू यावं हे मला सहन होत नाही.

अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, आम्ही येतोय, मी आणि दोन्ही पोरं, आणि पोरगा महिनाभर राहील. आई, मांडे आणि आमरस कर, पण उन्हात खापराशी एकटी बसू नकोस, मी आल्यावर करू. फोन त्याच्याकडेच राहू दे. संध्याकाळी एक तास, ठरलेला, तुमच्या समोर ओट्यावर बसून खेळेल. साडेनऊला तो स्वतः ताटात आणून ठेवेल. नाही ठेवला तर मला फोन करा, पोराशी भांडू नका. आणि बाबा, एकदा तरी त्याच्या शेजारी बसा. इयरफोनचं एक बोंड मागून घ्या. नाही ऐकू आलं तर तसं सांगा, तो दोन्ही देईल.

मर्फीसाठी कंडेन्सर घेऊन येते. दहा वर्षं बंद आहे, तेव्हा आम्ही येईपर्यंत मोह झाला तरी थेट बोर्डाला लावू नका. आधी सिरीज बल्बवर, म्हणजे मधे एक बल्ब जोडून, घेऊ. टेस्टर कुठं ठेवलाय तेवढं शोधून ठेवा.

आणि ह्या पत्रातलं वाचून लगेच स्पीकर हलवू नका. ते तसेच असू देत. तो आला की त्याला म्हणा, सतार कुठून येते ते जरा ऐकून सांग.

तुमची,
मोठी