वाडिया पार्क मैदानावरच्या त्या वहीसाठी, सर

आदरणीय सर,

सप्रेम जय ख्रिस्त.

हे समोर बसून सांगायला गेलो असतो, तर तुम्ही मध्येच "बरं, चहा घे" म्हणून विषय बदलला असता. म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. भरतीची तयारी करणारी कितीतरी पोरं आज तिथेच उभी आहेत, जिथे मी तीन वर्षांपूर्वी होतो.

पोलीस भरतीत १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत काढलं की २० पैकी २० गुण. मी ५:३१ वर अडकलो होतो. जिममधल्या एका ओळखीच्याने ताकद वाढवणारं इंजेक्शन दिलं. टायमिंग उतरलं, एका खुल्या स्पर्धेत मी पहिला आलो, आणि त्याच रविवारी उपासनेत उभं राहून साक्ष दिली की प्रभूने यश दिलं. मंडळीने टाळ्या वाजवल्या. सुईपेक्षा त्या टाळ्यांनी मला जास्त पोखरलं.

पहाटे साडेपाचला वाडिया पार्कवर तुम्हाला सांगितलं, तेव्हा वाटलं होतं, आता ओरडतील किंवा प्रार्थना करून घरी पाठवतील. तुम्ही विचारलंत, "दुसरा कोण आला होता?" मग बायबलमधल्या जकातदार जक्कयाची आठवण करून दिलीत. येशू घरी आल्यावर त्याने ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत करायचं कबूल केलं होतं. संध्याकाळी तुमच्या स्कूटरवर मागे बसून मी त्या मुलाच्या घरी गेलो. पदक त्याच्या हातात ठेवताना माझ्या तोंडून शब्द फुटेना. तुम्ही दारातच उभे राहिलात, माझ्या वतीने एक शब्द बोलला नाहीत. त्याबद्दलही आभार.

पण हे पत्र त्या दिवसासाठी नाही. ते पुढच्या घसरण्यासाठी आहे.

पाच महिने स्वच्छ राहिलो. अंगातली ताकद गेली, टायमिंग पुन्हा वर चढलं, आणि भरतीची जाहिरात आली. मी परत सुई घेतली. पहिल्यांदा चूक झाली म्हणता येतं. दुसऱ्यांदा काय म्हणायचं? चार दिवस मैदानावर आलो नाही. पाचव्या दिवशी आलो, ते तुमच्याकडे येणं बंद करतो, एवढं सांगायला.

तुम्ही वही उघडलीत. डाव्या पानावर माझं टायमिंग, उजव्या पानावर रोज फक्त "आला" किंवा "नाही". चार "नाही" खाली तुम्ही त्या दिवशी "आला" लिहिलंत आणि म्हणालात, वॉर्मअप कर.

राउंड संपल्यावर पायरीवर बसून धावपटू एरिक लिडेलची गोष्ट सांगितलीत. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, म्हणजे प्रभूच्या दिवशी, होती म्हणून तो ती धावला नाही आणि ४०० मीटरचं सुवर्ण जिंकला, हे आपल्या मंडळीत लहान मुलांनाही पाठ आहे. तुम्ही आदल्या वर्षीची शर्यत सांगितलीत. इंग्लंडमधलं स्टोक, ४४० यार्ड. सुरुवातीलाच धक्का लागून तो ट्रॅकबाहेर पडला. उठेपर्यंत बाकीचे सुमारे २० यार्ड पुढे. तरी धावला, आणि पहिला आला. तुम्ही त्या जिंकण्यावर थांबला नाहीत. म्हणालात, "उठला तेव्हा त्याला कुठे माहीत होतं, जिंकणार आहे ते?"

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायातलं सहज गुंतवणारं पाप मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ते पायात कसं अडकतं, हे त्या पायरीवर कळलं. माझं पाप सुईत कमी आणि घाईत जास्त होतं. देवाने दिलेल्या पायांवर, देवाने दिलेल्या वेळात धावायला मी तयार नव्हतो. ती घाई आजही येते. आली की फोन करतो, आणि तुम्ही रात्री अकरालाही उचलता. याकोबाने त्याच्या पत्रात एकमेकांजवळ पापे कबूल करा असं का लिहिलं, ते मला तुमच्या फोनमुळे समजलं.

त्या वर्षीच्या भरतीला मी गेलो नाही. पुढच्या वर्षी गेलो, गुण कमी पडले, तुम्ही वहीत "आला" लिहिलंत.

परवा ५:१८ आलं सर. कसलीही सुई नाही, गेल्या एकवीस महिन्यांत नाही. वहीची चारच पानं उरली आहेत, म्हणून येताना नवी घेऊन येतो. दोनशे पानी.

तुमचा,
पहाटेच्या बॅचमधला शेवटच्या लेनचा मुलगा