पहिल्या घंटेला वर्ग भरलेला हवा : पूर्व भागातील सोलापूरकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आम्ही पूर्व भागातल्या एका प्राथमिक शाळेची व्यवस्थापन समिती. कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच आहेत. बहुतेक जण विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावर किंवा टॉवेल कारखान्यात राबणाऱ्या घरांतले. १५ जूनला शाळा उघडेल. त्याआधी तुमच्याकडे एक मागणं घेऊन आलो आहोत. पटावर नाव असलेलं प्रत्येक मूल पहिली घंटा होताना वर्गात बसलेलं असावं, यासाठी आम्हाला थोडे पैसे हवेत, एक खोली हवी आहे, आणि सकाळचा अर्धा-पाऊण तास देणारी माणसं हवी आहेत. माणसं सगळ्यात जास्त हवीत.

शाळेचा पट चांगला आहे. अडचण हजेरीची आहे, आणि त्याहून मोठी अडचण उशिरा येण्याची. उशीर कुणी फारसा मनावर घेत नाही, म्हणून आधी त्याचाच हिशोब मांडतो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं ठरवून दिलं आहे, म्हणजे दिवसाला ४ तास. रोज अर्धा तास उशिरा येणाऱ्या मुलाचे वर्षाला १०० तास जातात. दिवसांत मोजलं तर पुरे २५ दिवस. हजेरीपटावर मात्र ते रोज हजर दिसतं, त्यामुळे घरच्यांनाही वाटतं की पोरगं शाळेत जातंय, सगळं ठीक चाललंय.

शिवाय बुडतो तो पहिला अर्धा तास. आमच्याकडे वाचन पहिल्या तासालाच घेतात, कारण तेव्हा मुलं ताजीतवानी असतात. आपल्या भागात कित्येक घरांत तेलुगू बोलतात, काही घरांत कन्नड, काही घरांत उर्दू. मराठी वाचायला, बोलायला या मुलांना मुख्यतः शाळेतच मिळतं. त्यांचा वाचनाचा तास बुडाला तर घरी तो भरून काढणारं कुणी नसतं. तिसरीत गेलेलं मूल जोडाक्षराला अडखळतं, तेव्हा त्याची बुद्धी कमी आहे असं समजू नका. ते अक्षर शिकवलं त्या सकाळी ते कुठे होतं, हे आधी विचारा.

तिसरीच्या बाईंनी हेच विचारलं. त्यांच्या वर्गातली एक मुलगी अभ्यासात चांगली, तब्येतीने धडधाकट, पण दर चार-पाच दिवसांनी गैरहजर. बाईंनी तिच्या गल्लीतल्या पाण्याच्या तारखा हजेरीपटाशेजारी ठेवल्या आणि त्या बरोबर जुळल्या. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. पाणी सुटतं त्या सकाळी आई विड्या घेऊन कारखान्यात गेलेली असते, वडील रात्रपाळी करून नुकतेच झोपलेले असतात. मग ही नऊ वर्षांची पोर नळाला पाईप लावून बसते. आधी बॅरल, मग घागरी, मग कळशा, शेवटी पातेली आणि तांबेसुद्धा. धार बारीक असली की तास-दीड तास मोडतो. तोवर शाळेत प्रार्थना, हजेरी, वाचन सगळं उरकलेलं असतं. उशिरा गेलं की सगळा वर्ग वळून बघतो, म्हणून ती त्या दिवशी जातच नाही. तिने हे बाईंना सांगितलं, तेही फार खोदून विचारल्यावर.

दुसरं कारण तान्ह्या भावंडांचं. विड्यांचं माप द्यायचं, छाटलेल्या विड्यांवरून घासाघीस करायची, पुढची पानं आणि तंबाखू घ्यायची, यात आईची अख्खी सकाळ जाते. कडेवर बाळ घेऊन तंबाखूच्या धुरळ्यात रांगेत उभं राहण्यापेक्षा मोठ्या मुलीला घरी ठेवणं तिला बरं वाटतं. त्या माउलीला आम्ही दोष देणार नाही. दुर्बल घटकांतल्या मुलींना हजर दिवसामागे १ रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना शासनाने १९९२ मध्ये आणली. हेतू चांगलाच होता. पण इथे मुलगी घरी राहते ती बाळाला सांभाळायला दुसरं कुणी नसतं म्हणून. तेव्हा सोय बाळाचीच करायला हवी.

बाकीची कारणं तुम्हाला ठाऊक आहेत. लग्नसराईत आठ-आठ दिवस तेलंगणातल्या गावी जाणं, गड्ड्याच्या यात्रेत रात्री उशिरापर्यंत फिरणं, निजायच्या वेळी हातात मोबाईल. ही घरच्यांनी सुधारायची आहेत आणि समितीतले आम्ही पालक आमच्या घरापासून सुरुवात करतो आहोत. २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, तेव्हा झोपेचा प्रश्न बराच हलका झाला. पाण्याच्या आणि कारखान्याच्या वेळा मात्र आहेत तिथेच आहेत.

उशिरा येणाऱ्यांसाठी फाटक बंद करा, म्हणजे शिस्त लागेल, असं काही जण सुचवतात. त्यांची कळकळ आम्ही जाणतो, पण हे आम्हाला मान्य नाही. नळाशी बसून आलेल्या मुलाला फाटकाबाहेर उभं केलं तर उद्या ते फाटकापर्यंतही येणार नाही. मूल कितीही वाजता येवो, आधी त्याला वर्गात बसवायचं, आणि कारण मधल्या सुट्टीत एकट्याला जवळ घेऊन विचारायचं, असं समितीने आणि शिक्षकांनी मिळून ठरवलं आहे.

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगतो.

अशोक चौक, घोंगडे वस्ती, नीलम नगर, साईबाबा चौक या बाजूंच्या गल्ल्यांतून रोज सकाळी मुलांना हाका मारत, गोळा करत शाळेपर्यंत आणायला प्रत्येक गल्लीत दोन माणसं हवी आहेत. एक आजारी पडला तर दुसरा असावा म्हणून दोन. अक्कलकोट रोडसारखा जड वाहनांचा रस्ता पहिलीतल्या मुलाने एकट्याने ओलांडू नये, हेही त्यातच साधेल. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांत आयुष्य घालवलेले आजोबा अजून आपल्या गल्ल्यांत आहेत. भोंगा झाला की घर कसं हलायचं आणि पाच मिनिटं उशीर झाला तर काय व्हायचं, हे त्यांच्याइतकं कुणी जाणत नाही. आजोबा, आमची पहिली विनंती तुम्हाला आहे. तुम्ही दारात उभं राहून नुसती हाक मारलीत तरी घर जागं होईल.

पाण्याच्या दिवशी शेजाऱ्यांनी एवढंच करावं : ज्या घरात नळापाशी फक्त लहान मूल आहे, त्या घराचं पाणी आधी भरू द्यावं, आपली मोटार थोडी उशिरा लावावी. ज्यांना जमेल त्यांनी ती दोन बॅरल स्वतः भरून द्यावीत.

खोली हवी आहे ती तान्ह्या मुलांसाठी. शाळेजवळ तळमजल्याची, हवेशीर, सकाळी ९ ते १ मोकळी असणारी. एखादं मंगल कार्यालय, मंडळाचा हॉल, बंद पडलेल्या मागाची शेडसुद्धा चालेल, फक्त खाली फरशी आणि वर पंखा हवा. सांभाळायला वस्तीतल्या दोन आज्या तयार आहेत. त्यांना महिन्याचं मानधन द्यावं लागेल, ते देणगीतून देऊ.

विडी आणि टॉवेल कारखान्यांच्या मालकांना, व्यवस्थापकांना हात जोडून सांगणं आहे. शाळकरी मुलांच्या आयांचं माप शाळा भरून गेल्यावर घ्या. तुमचा खर्च यात एक पैशाने वाढत नाही. आणि विड्या पोचवायला किंवा पानं न्यायला मूल आलं तर त्याला परत पाठवा.

पैसे मुख्यतः सकाळच्या खाण्यासाठी लागतील. दुपारी शाळेत पोषण आहार मिळतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून दिवसाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण आहे. पण नुसत्या चहावर घरातून निघालेलं मूल तोवर कोमेजून जातं. प्रार्थना झाल्या झाल्या प्रत्येकाच्या हातावर शेंगदाणा-गुळाचा एक लाडू ठेवायचा विचार आहे. लाडू वस्तीतल्या बचत गटाच्या बायका वळतील. शेंगदाणे किंवा गूळ पोत्याने देणारे असतील तर फारच छान. शिळे, उरलेले पदार्थ कृपया देऊ नयेत. पावसाळ्यासाठी छोट्या मापाचे रेनकोट आणि चपला नव्या किंवा चांगल्या अवस्थेतल्या चालतील.

देणगी शाळेच्या कार्यालयातच द्या आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. समितीच्या नावाच्या बँक खात्याची माहिती तिथेच मिळेल. दारोदार फिरून आमच्यातला कुणीही रोख रक्कम मागणार नाही. तसं कुणी आलं तर देऊ नका आणि आम्हाला कळवा. आलेला पैसा, झालेला खर्च आणि प्रत्येक वर्गाची हजेरी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फाटकाजवळच्या फळ्यावर लिहू. कुणाही मुलाचं नाव फळ्यावर येणार नाही, आणि लाडू वाटतानाचे किंवा चपला देतानाचे मुलांचे फोटो कुणालाही काढू देणार नाही. देणगीदारांनी याचा राग मानू नये. आपल्याला मदत लागते हे मुलांना कळतं आणि ते चारचौघांत दिसलेलं त्यांना आवडत नाही.

गल्ल्या वाटून घेण्यासाठी जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी १० वाजता शाळेच्या पटांगणात बैठक आहे. येताना आपल्या गल्लीत पाणी कोणत्या वेळी सुटतं आणि तिथली किती मुलं कोणत्या वर्गात आहेत, एवढं विचारून या. ज्यांना रविवारीही पाळी आहे त्यांनी आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कार्यालयात नाव द्यावं.

आपली नम्र,
शाळा व्यवस्थापन समिती
पूर्व भाग, सोलापूर